पाच बाद मतं

शनिवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात
तांगवेई

आ-कुन,
आणि तुझ्यासारखेच तैपेईच्या खोल्यांत, ताओयुआनच्या गोदामांत, शिंचूच्या कारखान्यांत राहणारे, पण नाव अजून आमच्या गावच्या यादीत असलेले सगळेजण,

पत्र माझ्या भावाला आहे, पण त्याने ते तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवावं. तुमच्यावर अन्याय होतो हे मी आधीच मान्य करते. जिथे नाव तिथेच मत, असा आपला कायदा. घाम गाळायचा तिकडे, भाडं भरायचं तिकडे, आणि मत द्यायचं तर शनिवारचा पगार बुडवून, पाच तास गाडीत उभं राहून आईबापाच्या गावी यायचं. पोस्टाने मत चालत नाही, दुसऱ्या गावातून चालत नाही. सरकार कोणत्याही पक्षाचं येवो, हा नियम कुणी हलवत नाही, कारण तुम्ही न येणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. हा राग तुमचा आहे तसाच माझाही आहे.

पण माझा आणखी एक राग आहे, आणि तो तुमच्यावर आहे.

परिषदेच्या निवडणुकीत दोन मतांनी हरलो. आपली वेंग जुई-इंग सहाशे बारा, गाओ चिह-पांग सहाशे चौदा. प्रभागातल्या दोन जागा ठरल्यासारख्या गेल्या, भांडण होतं ते तिसऱ्या जागेसाठी. आ-कुन, तुझं एक मत आणि तुझ्या बायकोचं एक. बेरीज तुला येते, मीच शिकवली आहे.

चार वाजता शाळेत पेटी फोडली. खिडक्यांबाहेर अख्खा गाव उभा. आपली मोजणी तुला ठाऊक आहे. एक जण मतपत्रिका दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि ओरडतो, दुसरा तेच पुन्हा ओरडतो, तिसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ मारतो. पाच रेघांचं एक अक्षर पुरं झालं की लोक श्वास सोडतात. "चार नंबर, एक मत!" "चार नंबर, एक मत!" चार म्हणजे आपली जुई-इंग. तिला चिठ्ठीत चार नंबर आला तेव्हा ली काकू म्हणाली होती, "अगं बाई, चार आणि मरण, उच्चार एकच. नाव मागे घे." मी म्हटलं, "काकू, आकडे मारत नाहीत, घरी बसलेली माणसं मारतात." आज काकू माझ्याकडे बघत होती.

सहा वाजता आम्ही पंधरांनी पुढे होतो. कुणीतरी फटाक्यांची माळ सोडवून ठेवली होती. मग शेजारच्या दोन केंद्रांचे आकडे आले आणि ती माळ ज्याने सोडवली त्यानेच गुंडाळून पिशवीत घातली.

आपल्या केंद्रावर नऊ मतं बाद झाली. बाद करणारे अधिकारी शहरातून आलेले. त्यांना काय पडलंय.

अकरा जणांची परिषद. दुपारपर्यंत सहा आपले होते आणि पाच त्यांचे. आता सहा त्यांचे, पाच आपले. एका माणसाने खुर्ची बदलली एवढंच झालं, पण यापुढे कालव्याचं काय करायचं हे ती खुर्ची ठरवणार. तुम्ही तुमच्या खोल्यांत झोपा. इथे सगळे जागेच आहेत.

तुझी ताई,
शिऊ-ग्वान


सोमवार, २८ नोव्हेंबर

आ-कुन,

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पुन्हा कागद. पोस्टातली मुलगी म्हणाली, "बाई, हल्ली पत्र लिहिणाऱ्या तुम्ही आणि कोर्ट, दोघंच."

सकाळी गाओचा आभाराचा ट्रक गल्लीत आला. तुझा शाळासोबती, आपला जाड्या, लाल पट्टा घालून वर उभा होता. भोंग्यावरून म्हणतो, "ताई, धन्यवाद हं! तुमच्या गल्लीनेही मला मतं दिली!"

मी दारातून ओरडले, "माझ्या गल्लीतल्या कुत्र्यांनी दिली असतील!"

"कुत्र्यांना मत कुठे आहे, ताई? असतं तर मी दोनाने का, विसाने आलो असतो!"

लोक हसले. मलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. पंपांचं दुकान आहे त्याचं. तळ्यांना पाणी ओढणारे पंप विकून तो मोठा झाला आणि आता पाणीच विकायला निघाला आहे. आपलं गिऱ्हाईक आपणच बुडवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघते आहे.

तुला गावी येऊन सहा वर्षं झाली, म्हणून सांगते. समुद्राचं पाणी ज्या कालव्याने माशांच्या चाळीस तळ्यांत येतं, तो कालवा परिषदेच्या मालकीचा आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीने तो जपान्यांच्या अमलात खणला. जपानी गेले, समुद्रापलीकडच्या चीनमधून दुसरे आले, लष्करी कायदा आला आणि गेला. कालव्याला कुणी हात लावला नाही, कारण त्यात पाणी नसेल तर सबाही मासा तीन दिवसांत पोट वर करून तरंगतो हे सगळ्या राज्यकर्त्यांना कळत होतं. आता एका कंपनीला कालव्याचा काठ वीस वर्षं हवा आहे, कुंपण घालून. काठावर तारा, मधे वीजघर आणि तळ्यांवर उन्हातून वीज करणाऱ्या पाट्या. उन्हापासून वीज होते याला माझा विरोध नाही. मी ते वर्गात शिकवलं आहे, धुरापेक्षा ऊन चांगलं म्हणून. पण पाट्या लावायला जमिनीचा मालक तळं भाड्याने देतो आणि ज्याने तीस वर्षं ते तळं सांभाळलं त्या कुळाला एका महिन्यात बाहेर काढतो. काठाला कुंपण पडलं की उरलेल्यांना तळ्यात पाणी घेण्याची झडप उघडायलाही परवानगी लागणार. जुई-इंगच्या घरच्या तळ्याला पहिल्या वर्षीच पाणी कमी पडेल. आपल्याला दुसऱ्या.

तीन वर्षं हा ठराव सहा विरुद्ध पाचने अडला. आता पंचवीस डिसेंबरला नवे सदस्य शपथ घेतील आणि त्याच दिवशी अध्यक्ष निवडतील. अध्यक्ष त्यांचा झाला की पहिल्याच बैठकीत ठराव येणार.

जुई-इंग कोर्टात जाऊ म्हणते. मी नको म्हटलं. का नको, ते विचारू नकोस.

फू-लाय काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या दाराशी पेज ठेवून आले, ती तशीच परत आणली.

ताई


शुक्रवार, २ डिसेंबर
ताओयुआन

ताई,

तुझं पत्र मी कुणालाही वाचून दाखवलं नाही. गोदामात माझ्यासोबत आपल्या गावचे चार जण आहेत. आधीच रात्रपाळीने पिसलेले, त्यात तुझ्या शिव्या कशाला?

आम्ही दोघं आलो असतो तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठ्या टाकून ठरलं असतं. ते एक.

दुसरं, मला जाड्याचा फोन आला होता. तो खिदळेल असं वाटलं होतं. पण हळू आवाजात म्हणाला, "आ-कुन, मला तुझ्या ताईने निवडून आणलं रे." मग त्याने सांगितलं. बाद झालेल्या नऊ मतपत्रिकांपैकी पाचांवरचा शिक्का चार नंबरच्या चौकोनातच होता. पण तो आडोशातला सरकारी गोल शिक्का नव्हता, आपण सहीऐवजी वापरतो तो ज्याच्या त्याच्या नावाचा शिक्का होता. एक आपल्या फू-लाय काकांची. देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्यांचे वर्ग कोण घेत होतं, ताई? हे तुझ्या पत्रात कुठे आलं नाही. अधिकारी शहरातले होते, एवढंच आलं.

तिसरं. आमच्या मतदानाच्या चिठ्ठ्या गावच्या घरीच येतात. बाबा असताना दर वेळी पाठवायचे, पाकिटात सुकवलेली कोलंबी घालून. अख्खं पाकीट वास मारायचं आणि पोस्टमन कुरकुर करायचा. या वेळी? महिनाभर ट्रकवरून सगळ्या प्रभागाला बोलावलंस. मला एक ओळ लिहायला हात दुखत होता?

खोटं बोलत नाही. त्या शनिवारी मी कामावर होतो आणि सुट्टी मागितलीच नव्हती.

आ-कुन


सोमवार, ५ डिसेंबर

आ-कुन,

होय.

चार दिवस संध्याकाळी मी देवळाच्या ओट्यावर वर्ग घेतला. नमुन्याच्या मतपत्रिका छापून आणल्या. सत्तरीच्या पुढचे सव्वीस जण. डोळे अधू, हात थरथरणारे. कुणाचा शिक्का दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर पडायचा, कुणी कागद उलटा धरायचं. सरकारी गोल शिक्का मतदानाच्या आडोशातच मिळतो, तो माझ्याकडे कुठून येणार? यादीत नावासमोर उठवायला प्रत्येकाला आपापला शिक्का बरोबर न्यायचाच होता. म्हणून मीच म्हटलं, "सरावाला आपापले शिक्के काढा." कमरेच्या पिशव्या सुटल्या. लाकडी, शिंगाचे, एक हस्तिदंती. चौथ्या चौकोनात, मधोमध, जोर देऊन. पुन्हा. पुन्हा. हाताला वळण पडेपर्यंत.

आत वेगळा शिक्का असेल हे मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, एकदा. एकदा सांगितलेलं मुलांना समजत नाही, असं मी एकतीस वर्षं बाकीच्या शिक्षकांना ऐकवत आले. आणि मी एकदाच सांगितलं. त्यानंतर उरलेला वेळ भाषण केलं. ते लोक माझं भाषण ऐकतात आणि मान डोलवतात, आणि मला मान डोलवणारी माणसं आवडतात. हे तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी तू मान डोलवली नाहीस म्हणून तर.

मोजणीचं मी तुला अर्धंच सांगितलं. पहिली तसली मतपत्रिका वर गेली तेव्हा तिच्यावरचं नाव खिडकीतून सगळ्यांना वाचता आलं. अधिकाऱ्याने ती खाली घेतली, शेजारच्याला दाखवली आणि म्हणाला, "खासगी शिक्का. बाद."

काका माझ्या शेजारीच उभे होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, नवा कोट घालून. खिडकीच्या गजांतून हात घालून म्हणाले, "अहो साहेब, ते माझं आहे! नीट बघा, नाव आहे त्याच्यावर. स्पष्ट उठलंय!"

मागून कुणीतरी हसलं. अधिकारी पोरगेला होता, पण नम्र. म्हणाला, "आजोबा, नाव आहे म्हणूनच बाद."

"नाव आहे ते बाद, आणि नाव नाही ते चालतं?"

"हो, आजोबा."

"मग मी दिलं हे कुणाला कळणार?"

काका माझ्याकडे वळले. "पोरी, तूच तर..." एवढंच म्हणाले. मग दुसरी वर गेली, ली काकूची. तिसरी. पाचवी बाद झाली तेव्हा मी जोडे बघत उभी होते आणि भिंतीवर रेघा ओढणं चालूच होतं.

लोकशाहीवर मी किती बोलले आहे या गावात! शंभर वर्षांचा इतिहास तोंडपाठ. मत मागायला माणसं तुरुंगात गेली, आपल्या आजोबांचा भाऊ गेला आणि परत आला नाही. आणि ज्यांच्यासाठी ते झालं त्या म्हाताऱ्यांचा हात धरून मी तो चुकीच्या सवयीला लावला. जुई-इंगला कोर्टात जाऊ नको म्हटलं ते यासाठीच. ती पाच नावं पुन्हा एकदा चारचौघांत वर धरली जातील आणि पुन्हा बादच होतील. कायदा स्पष्ट आहे. तो मीच वाचला नव्हता असं नाही. वाचला होता.

चिठ्ठ्यांचं. तुमच्या दोन्ही चिठ्ठ्या आल्या, मी सही करून घेतल्या आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवल्या. तू स्वतःहून यावंस असं मला वाटत होतं. बाबा गेल्यावर शंभराव्या दिवसाच्या विधीला तू म्हणालास, "ताई, तळं देऊन टाकू, कंपनी बरे पैसे देते," आणि मी पाहुण्यांदेखत तुला बापाचं पाणी विकणारा म्हटलं. तो शब्द मी परत घेत नाही. पण त्यानंतर एक वाक्य बोलायचं होतं, तू राहा म्हणून, ते मी गिळलं. भोंगा हातात असला की मला दोन हजार लोकांशी बोलता येतं. समोर एकच माणूस असला, तोही माझा, की जीभ दगडाची होते.

हे कबूल केलं म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. माझ्यावरचा राग माझ्याजवळ आहे आणि तो मी वापरते आहे. काल पाचही घरी गेले. ली काकूने दार उघडलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, पुढच्या वेळी सरावाला बटाटा कापून गोल शिक्का करा. पोरांच्या शाळेत करतात तसा." एवढं सोपं होतं. काकांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, "चार वर्षांनी ये." चार वर्षांनी ते पंचाऐंशीचे असतील.

आणि तुझ्यावरचा राग. सुट्टी मागितलीच नव्हती, असं तू मोठ्या प्रामाणिकपणे लिहितोस. प्रामाणिकपणाचं काय करू मी? चिठ्ठी आली नाही म्हणून रुसायला तू काय पाहुणा आहेस? निवडणुकीची तारीख साऱ्या बेटाला माहीत होती. तुझ्या नावावर तळं आहे. माझ्या नाही, तुझ्या, कारण तू मुलगा. मी त्या तळ्याची राखणदारीण आहे, कुळासारखी. तू तिकडे सही केलीस तर मलाही एका महिन्यात बाहेर काढता येईल. हे तू कधी मनात आणलं आहेस का? मी रोज आणते. झडप उघडताना, बंद करताना.

ताई


शुक्रवार, १६ डिसेंबर

आ-कुन,

तुझं उत्तर नाही. नसू दे. आज एक गोष्ट झाली, ती तुला कळली पाहिजे.

सकाळी बाजारात पेज खायला गेले तर समोरच्या बाकावर जाड्या. परिषदेवर निवडून आलेला माणूस, पण बाही सबाहीच्या रश्श्यात बुडलेली. उठून जाणार होते. तो म्हणाला, "बसा ना ताई. निवडून आलो म्हणून काय एका टेबलावर खायचं नाही?"

मी बसले आणि विचारलं, "पाणी कितीला विकतोस?"

"अजून विकलेलं नाही."

"पंचवीसला विकशील. त्यांच्या माणसाला अध्यक्ष करशील."

त्याने काटा काढून बशीच्या कडेला ठेवला. "ताई, मी त्यांच्या यादीतून उभा राहिलो, कारण तुमच्या यादीत मला कुणी विचारलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, पंपवाल्याला इतिहास काय कळणार."

म्हटलं होतं. ट्रकवरून म्हटलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या.

"आता माझं ऐका," तो म्हणाला. "कालव्यावर चाळीस तळी आहेत. सगळ्यात तरुण तळेवाला बासष्टचा. मागच्या वर्षी मी किती नवे पंप विकले? सहा. दुरुस्तीवर जगतोय मी. दहा वर्षांनी झडप उघडायला कोण आहे? तुम्ही? तुमचे गुडघे मला माहीत नाहीत का? मी पाणी राखलं तर कुणासाठी राखू, नाव सांगा. एक नाव."

मी पेजेत चमचा फिरवत बसले.

मग तो म्हणाला, "आ-कुनला माझ्यासमोर उभा करा. तो म्हणाला 'माझ्यासाठी', तर माझं मत तुमच्या माणसाला. पक्षाने काढलं तर काढू दे. नाहीतर मला दोष देऊ नका." आणि माझ्या पेजेचे पैसे देऊन गेला. मेल्याने तेवढीही मला संधी ठेवली नाही.

तो खोटं बोलत असेल का, हा विचार मी दिवसभर केला. जाड्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तुझी वही उतरवायचा, पण पकडला गेला की तुझं नाव कधी सांगायचा नाही. मला वाटतं तो खरं बोलतोय. पंचवीसला अध्यक्षाची निवड उघड्या मताने असते. प्रत्येक सदस्य कागदावर आपलं नाव घालून मत देतो. हे काकांना दारातून सांगितलं तर आतून आवाज आला, "तिथे बरं नाव चालतं!" आणि वीस दिवसांत पहिल्यांदा कडी निघाली. गावचे बावीस म्हातारे बघ्यांच्या बाकांवर येऊन बसणार आहेत. पण जाड्याने बावीस म्हातारे मागितले नाहीत. त्याने एक नाव मागितलं.

आता नीट ऐक. तू गावी परत ये, तळं सांभाळ, नोकरी सोड, असं मी सांगत नाही. तो निर्णय तुझा आणि तुझ्या बायकोचा. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. आमच्या बाजूने खोटं बोलणारे आमच्याकडे पुरेसे आहेत. त्याने विचारलं, "कुणासाठी?" आणि "माझ्यासाठी" हे तुला मनापासून म्हणता येत असेल, तर ते म्हण. येत नसेल, तर "नाही" म्हण, पण ते तिथे येऊन म्हण. त्या चाळीस तळेवाल्यांसमोर उभं राहून, त्यांच्या तोंडाकडे बघत. ते तुझ्या तोंडून ऐकण्याचा त्यांचा हक्क आहे. तुझ्या न येण्यातून त्यांनी ते ताडत बसावं, हे मी चालू देणार नाही. मग ठराव मंजूर झाला तर मी आरडाओरड करणार नाही. तळ्याची झडप बंद करून किल्ली तुझ्या हातात देईन.

भोंग्यावरून नाही, ट्रकवरून नाही. तुला एकट्याला, पहिल्यांदाच बोलावते आहे: चोवीसला संध्याकाळी कामावरून सुटलास की दक्षिणेची गाडी पकड. पंचवीस डिसेंबर, रविवार, सकाळी नऊ वाजता परिषदेच्या सभागृहात ये, पहिल्या बाकावर बस, जाड्याच्या समोर. आणि त्याने विचारलं की उभा राहून उत्तर दे.

शिऊ-ग्वान